नोकरी गेली, घरात आजारपण, प्रार्थनाही होत नाही. ख्रिस्ती माणसाने अशा वेळी धीर कसा धरावा, भक्ती कशी टिकवावी?

मंडळीतले, म्हणजे चर्चमधले लोक "तुझा विश्वास कमी पडतोय" म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. ते आधी बाजूला ठेवा. मलाही हे ऐकवलं गेलंय, आणि ऐकवणाऱ्याच्या घरी तेव्हा सगळं सुरळीत चाललेलं होतं.

मी बेळगावचा. उद्यमबागेत लेथवर पंचवीस वर्षं काढली. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये वर्कशॉप बंद पडलं. मालकाने दोन महिने निम्मा पगार दिला, मग हात जोडले. पुढच्या वर्षी मे महिन्यात आई गेली. दफनाला आम्ही मोजून पाच जण, आणि पाळकांनी मास्कआडून काय वाचलं ते मला धड ऐकूही आलं नाही. त्यानंतर चार-पाच महिने प्रार्थना म्हणून झाली नाही. गुडघे टेकले की डोक्यात किराणावाल्याची उधारी.

आमच्या मंडळीत एक कन्नड बोलणाऱ्या अक्का आहेत, सत्तरी ओलांडलेल्या. त्या रोज संध्याकाळी सातला येऊ लागल्या. "ऊटा आतेन?" (जेवण झालं का?) असं विचारायच्या आणि उत्तर काहीही आलं तरी डब्यातली भाकरी ताटात वाढायच्या. मग पिशवीतून कन्नड बायबल काढून एक स्तोत्र वाचायचं, चहा प्यायचा आणि निघायचं. उपदेश नाही, "देवाची इच्छा" वगैरे नाही. माझं कन्नड बाजारापुरतं, त्यामुळे निम्मं डोक्यावरून जायचं. एका अर्थी बरंच झालं. मराठीतली स्तोत्रं पाठ असून असून इतकी गुळगुळीत झाली होती की कानाला लागतच नव्हती.

एकदा तेविसावं स्तोत्र निघालं. "यहोवनु ननगे कुरुबनु." म्हणजे परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. मी मान वर केली. 'मेंढपाळ' म्हटलं की मला रविवारच्या शाळेतलं चित्र दिसायचं, पांढराशुभ्र झगा आणि कडेवर कोकरू. कुरुब म्हणजे आमच्याकडचा धनगर! सुगी झाली की खतासाठी शेतात मेंढरं बसवायला येतो तो. चिकोडीकडे आजोळी मी त्याला रात्री पाहिलंय. डोक्यावरून घोंगडी, काठी मांडीवर आडवी, शेजारी कुत्रं. मेंढरं झोपलेली आणि हा जागा. "तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात" ही ओळ मी लहानपणापासून म्हणत आलो, आणि तरी धीर आपला आपणच गोळा करायचा असतो, असं धरून चाललो होतो. काठी मेंढराच्या हातात नसतेच की.

तेव्हा प्रार्थना होत नसेल तर दुसऱ्याला करू द्या, तुम्ही नुसते बसा. नाहीतर सरळ तक्रार करा. तेरावं स्तोत्र सुरूच होतं ते "मला कुठवर विसरणार?" या सवालाने. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारात सुरू होऊन अंधारातच संपतं, गोड शेवट नाही. तरी ते बायबलमध्ये आहे. मी कित्येक आठवडे तेवढंच वाचत होतो.

आणि मागायला लाजू नका. बायबलमधलं, प्रेषित पौलाने तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र, चौथा अध्याय काढा. "जे सुयुद्ध ते मी केले आहे" हे आपण प्रत्येक दफनविधीला ऐकतो. त्याच्या सहाच वचनं पुढे पौल लिहितो, त्रोवस गावात कार्प नावाच्या माणसाकडे राहिलेला माझा झगा घेऊन ये. पुढे, हिवाळ्याआधी ये. तुरुंगातल्या माणसाला थंडीची काळजी होती आणि त्याने ती लपवली नाही. कोर्टातल्या पहिल्या जबाबाच्या वेळी माझ्या बाजूला कुणी उभं राहिलं नाही, हेही त्याने लिहून ठेवलंय. मी मात्र उधारी वाढत असताना "प्रभूची कृपा, सगळं ठीक" म्हणत फिरत होतो. शेवटी एका रविवारी उपासनेनंतर पाळकांना बाजूला घेऊन सांगितलं, घरात तांदूळ नाहीत आणि मला काम पाहिजे. मंडळीतल्याच एकाने मच्छेला एका कारखान्यात लावून दिलं. पगार आधीपेक्षा कमी, आजही कमीच आहे.

आजारपणाचं म्हणाल तर गोळ्या बंद करून नुसती प्रार्थना करा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्यच होता. तुमची स्वतःची झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर तुम्हीही डॉक्टर गाठा.

पंडिता रमाबाई आपल्या कर्नाटकातच जन्मल्या, १८५८ साली. आईवडील दुष्काळात गेले, पुढे भाऊ, मग नवरा. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, आणि १९२२च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः. मुलगी गेल्यावरच्या त्या महिन्यांतही मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणायचं काम त्यांनी सोडलं नाही. भक्ती म्हणजे डोळे मिटून बसणंच असं मला हे कळल्यापासून वाटत नाही.

'ख्रिस्ती म्हणून' असं विचारलंत, म्हणून आणखी एक. डिसेंबर २०२१ मध्ये धर्मांतरविरोधी विधेयक कर्नाटक विधानसभेने मंजूर केलं ते इथेच, बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात. त्या दिवसांत घरी प्रार्थनेला चार माणसं बोलवायचीही धास्ती वाटायची. मीही खिडक्या लावून गायनं म्हटली आहेत, शौर्य काही गाजवलं नाही. नाताळचा फराळ शेजारी द्यायचा की नाही यावरून घरात वाद झाला. करंजीलाही कुणी आमिष म्हणेल, असं बायकोचं म्हणणं. शेवटी दरवर्षीसारखी ताटं फिरवली. शेजारच्या काकूंनी ताटात साखर घालून परत दिलं आणि म्हणाल्या, "चकली यंदा कडक झालीया गं."

तुम्ही बेळगाव-निपाणी भागातले असाल तर कळवा. आमच्याकडे रविवारी उपासनेनंतर चहा असतो. अक्का तिथेच भेटतील, भाकरीचा डबा घेऊन.