शिवाशिवी बंद करून काय साधतं? मधल्या सुट्टीबद्दल तुमचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं मधल्या सुट्टीवरच आली आहेत. मुलांनी काय खेळावं, काय खेळू नये आणि ते ठरवायचं कोणी, यावर पालक एकीकडे आणि शिक्षक दुसरीकडे असं मात्र दिसत नाही. बंदी मागणारे पालकच आहेत आणि बंदीला वैतागलेलेही पालकच. मिळतेजुळते प्रश्न एकत्र करून उत्तरं देतो आहे.

शिवाशिवी खेळताना दुसरीतल्या एका मुलाचा दात तुटला. लगेच शाळेची सूचना आली: मधल्या सुट्टीत पळायचं नाही, पकडापकडीचे सगळे खेळ बंद. माझा मुलगा आता सुट्टीभर पायरीवर बसून असतो. शाळेचं हे बरोबर आहे का? – एक आई

बरोबर नाही. पण शाळा असं का करते ते समजतं. तोंड रक्ताने भरलेलं मूल, दारात येऊन उभे राहिलेले पालक आणि ‘तुमचं लक्ष कुठे होतं?’ हा प्रश्न. त्या घटकेला बंदीचा कागद काढणं सर्वांत सोयीचं असतं. खर्च नाही, आणि आपण काहीतरी केलं हे सगळ्यांना दिसतं.

तुमच्या मुलाची शाळा यात एकटी नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ॲटलबरो इथल्या एका प्राथमिक शाळेने 2006 साली शिवाशिवीवर बंदी घातली आणि त्याची बातमी जगभर गेली. 2015 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या मर्सर आयलंडच्या शाळांनी तसंच काहीसं केलं. तिथले पालक इतके खवळले की निर्णय मागे घ्यावा लागला.

मी शाळेला एकच विचारेन: दात नेमका कुठे आणि कसा तुटला? मुलं समोरासमोर धावत आली, की इमारतीच्या कोपऱ्यावर पलीकडून येणारं दिसलं नाही? नळाजवळची फरशी ओली होती का? पायरीची कड उघडी होती का? कोपरा हे कारण असेल तर कोपऱ्यापासून चार पावलांवर चुन्याची रेघ मारा आणि ‘रेघेपलीकडे गेलास तर आऊट’ असा नियम करा. मुलं तो शाळेच्या कुठल्याही नियमापेक्षा कडक पाळतील, कारण तो खेळाचा नियम आहे. शिवाशिवी बंद केली तर ओली फरशी तशीच राहते. उद्या पाणी प्यायला जाणारं मूल तिच्यावरूनच घसरेल.

पळणं बंद होतं तेव्हा काय जातं, तेही शाळेने मोजावं. 5 ते 17 वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी किमान 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शाळा सुटल्यावर मैदान गाठू न शकणाऱ्या मुलांना त्यातला मोठा वाटा मधल्या सुट्टीतच मिळतो.

जाता जाता दाताचं, कारण हे शाळेतल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक हवं. कायमचा दात मुळासकट निघाला तर तो वरच्या, पांढऱ्या बाजूने धरायचा, मुळाला हात लावायचा नाही, घासायचा नाही. लगेच जागेवर बसवता आला तर उत्तम, नाहीतर दुधात ठेवून तासाभराच्या आत, जमेल तितक्या लवकर दंतवैद्याकडे पोहोचायचं. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

माझी मधल्या सुट्टीत देखरेखीची पाळी असते. मुलगे सतत एकमेकांच्या अंगावर पडतात, कुस्ती खेळतात. मारामारी कुठली आणि खेळ कुठला ते कळत नाही, म्हणून मी सरसकट सोडवते. मग मुलं म्हणतात, ‘बाई, आम्ही खेळत होतो.’ खरं कसं ओळखायचं? – एक शिक्षिका

मुलं बहुतेक वेळा खरं बोलत असतात. अँथनी पेलेग्रिनी आणि पीटर स्मिथ या अभ्यासकांनी अनेक वर्षं शाळांच्या मैदानांवर नेमकं हेच पाहिलं. त्यांनी सांगितलेल्या खुणा लांबूनही दिसतात.

आधी चेहरे बघा. लुटुपुटूच्या झटापटीत तोंड उघडं असतं, हसू असतं. खऱ्या भांडणात ओठ आवळलेले, भुवया चढलेल्या. मग हात बघा. खेळात तळवा उघडा असतो आणि फटका अर्धवट येतो. भांडणात मूठ आवळलेली असते. तिसरी खूण पाळीची. खेळात आता वर असलेला घटकाभराने खाली असतो, आणि दांडगा मुलगा मुद्दाम हरतोसुद्धा. एकच मूल सतत खाली असेल तर तो खेळ राहिलेला नाही, मग वरचा कितीही हसत असो. शेवटची खूण मला सर्वांत भरवशाची वाटते: झटापट संपल्यावर ती दोघं कुठे जातात? खेळ असेल तर एकत्रच राहतात, लगेच पुढचं काहीतरी सुरू होतं. भांडण असेल तर दोन दिशांना जातात. भोवतीच्या गर्दीवरूनही कळतं. खेळातल्या कुस्तीकडे कोणी ढुंकून पाहत नाही. खरी जुंपली की क्षणात कडं होतं.

म्हणून धावत जाऊन सोडवण्याआधी थोडं थांबून बघा. तरी शंका उरली तर जवळ जाऊन खालच्या मुलाला विचारा, ‘तुला टाइमप्लीज हवंय का?’ वरच्याला विचारू नका. खालच्याने मान हलवली आणि वरचा उठला, तर काही बिघडलेलं नाही. टाइमप्लीज म्हणूनही वरचा उठला नाही, तर तिथे तुमचं काम सुरू होतं.

एक सावधगिरी मात्र बाळगा. बहुतेक मुलांच्या बाबतीत अशी झटापट क्वचितच खऱ्या भांडणावर जाते. पण ज्यांना वर्गात कोणी फारसं जवळ करत नाही, त्यांच्यात ती जास्त वेळा भडकते, असं पेलेग्रिनींना आढळलं. ही मुलं समोरच्याची थट्टा हल्ला समजतात, किंवा स्वतःचा जोर त्यांना आवरत नाही. तुमच्या मैदानावर अशी दोनचार मुलं असतील आणि ती तुम्हाला नावानिशी माहीत असतील. लक्ष त्यांच्याकडे द्या. चाळीस जणांची कुस्ती चौघांपायी बंद करू नका.

मी मुख्याध्यापक आहे. ‘सगळं चालू द्या’ म्हणणं सोपं असतं. काही झालं की जबाबदार मी. बंद करायलाच हवेत असे खेळ आहेत की नाहीत? – एक मुख्याध्यापक

आहेत, आणि त्यांच्याबाबत मी तुमच्याहून कडक आहे.

गळा दाबण्याचा किंवा श्वास कोंडून चक्कर आणण्याचा कुठलाही प्रकार, त्याला मुलं काहीही नाव देवोत, त्याच क्षणी थांबवायचा आणि त्याच दिवशी पालकांना बोलवायचं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 1995 ते 2007 या काळातले या प्रकाराने झालेले 82 संभाव्य मृत्यू नोंदवले आहेत, सगळे 6 ते 19 वर्षांच्या मुलांचे. इथे चर्चा नाही, ताकीद नाही, ‘गंमत करत होतो’ ही सबब नाही.

दुसरा गट हरणाऱ्याला मारायच्या खेळांचा. हरला की पाठीत गुद्दे, हरला की सगळ्यांनी मिळून लाथा. एखादी मालिका गाजली की तिची नक्कल म्हणूनही हे येतं. तिसरा, सगळ्यांनी मिळून एकाला नेम करायचा. अंगावर चेंडू मारून बाद करायचा खेळ (डॉजबॉल) याच कारणाने वादात आहे. अमेरिकेतल्या शारीरिक शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने 2017 मध्ये तो शालेय शारीरिक शिक्षणासाठी अयोग्य ठरवला. मी इतका पुढे जाणार नाही. मऊ चेंडू, कमरेखालीच नेम, आणि ज्याला खेळायचं आहे तोच रिंगणात, एवढं पाळलं तर तो चालावा. सक्तीने कोणाला उभं करू नये.

माझी कसोटी एकच आहे: मुलाला त्या खेळातून मध्येच बाहेर पडता येतं का, आणि पडल्यावर त्याला काही भोगावं लागत नाही ना? या कसोटीला उतरलेला खेळ दिसायला रांगडा असला तरी राहू द्या. न उतरलेला, दिसायला कितीही निरुपद्रवी असो, बंद करा.

आता तुमच्या जबाबदारीचं. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा कार्यालयाने 2012 मध्ये खेळाबद्दल निवेदन काढलं. ज्यांच्या नावाने शाळा बंद्या घालत होत्या त्याच कार्यालयाने त्यात म्हटलं की खेळातला धोका शून्यावर आणणं हे ध्येय नाही. धोका आणि फायदा दोन्ही तोलायचे. म्हणजे तुमच्या फायलीत ‘बंदी घातली’ एवढंच असण्यापेक्षा ‘काय पाहिलं, काय बदललं, काय चालू ठेवलं आणि का’ हे असलं तर तुमची बाजू भक्कम होते.

पाहायचं काय? आधी साधनं, मग खेळ. खेळसाधनांवरच्या बहुतेक दुखापती पडल्यामुळे होतात, म्हणून साधनाच्या उंचीइतकंच त्याच्या खाली काय आहे ते महत्त्वाचं. काँक्रीट किंवा तुडवून घट्ट झालेली माती असेल तर ती बदला. वाळू किंवा लाकडाचा भुसा घालणार असाल तर सुमारे 30 सेंटिमीटर खोल घाला आणि मुलं उतरतात त्या जागी तो अधूनमधून पुन्हा सारखा करा, कारण नेमका तिथेच तो उडून जातो. शिडीच्या किंवा कठड्याच्या साधारण 9 ते 23 सेंटिमीटरच्या फटीत लहान मुलाचं अंग शिरतं आणि डोकं अडकतं. घसरगुंडीवर चढणाऱ्या मुलाच्या गळ्यात दोरी, नाडी, ओढणी काही नको. बघा, या यादीत शिवाशिवी कुठेच नाही.

न्यूझीलंडमध्ये ऑकलंड आणि ओटागो भागातल्या 16 प्राथमिक शाळांवर प्रयोग झाला. निम्म्या शाळांनी मैदानावर थोडं धाडस, थोडी मोकळीक वाढवली. तिथल्या मुलांनी ढकलाढकली वाढल्याचं सांगितलं, पण छळाची तक्रार घेऊन शिक्षकांकडे जाणं कमी झालं. हा निकाल दोन्ही बाजूंना अवघड आहे, म्हणून मला तो आवडतो. मोकळीक दिली की सगळं गोडीगुलाबीत चालतं असं नाही. धक्के वाढतात, फक्त प्रत्येक धक्क्याची मुलं तक्रार करत नाहीत.

गृहपाठ केला नाही किंवा वर्गात दंगा केला की आमच्या शाळेत मधली सुट्टी काढून घेतात. हे चालतं का? – एक बाबा

नको. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ अकादमीने 2013 मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की शिक्षा म्हणून किंवा अभ्यासासाठी सुट्टी हिरावून घेऊ नये. साधा विचार करा: वर्गात बूड टेकवता येत नाही म्हणून ज्याला शिक्षा होते, त्यालाच आपण दिवसातली पळायची एकमेव वेळ नाकारतो. मग पुढच्या तासाला तो आणखी वळवळ करतो आणि सगळे त्याच्यावर चिडतात.

भांडणं कमी व्हावीत म्हणून सुट्टी पंधरा मिनिटांनी कमी केली आहे. – एक पालक

भांडणाची मिनिटंही तेवढी कमी झाली, एवढंच. इंग्लंडमध्ये 1995 पासून सुट्ट्यांची नोंद ठेवणाऱ्या संशोधकांनी 2019 मध्ये सांगितलं की पाच ते सात वर्षांच्या मुलांची सुट्टी त्या काळात आठवड्याला सुमारे 45 मिनिटांनी घटली होती. ‘मुलं नीट वागत नाहीत’ हे शाळांनी दिलेलं एक मोठं कारण होतं. फिनलंडमध्ये उलट आहे: साधारण 45 मिनिटांचा तास, मग 15 मिनिटं बाहेर. सुट्टी आखूड झाली की आधी खेळ ठरवण्यात, चकण्यात वेळ जातो, डाव रंगायला लागतो आणि घंटा होते. अर्धवट डावावरूनच सर्वाधिक भांडणं होतात.

पाचवी-सहावीचे मुलगे सगळं मैदान फुटबॉलला वापरतात. मुली आणि छोटी मुलं भिंतीला चिकटून उभी. फुटबॉल बंद करा असं सुचवू का? – एक आजी

आजी, बंद करा म्हणू नका, जागा वाटून द्या म्हणा. एक चेंडू आणि वीस मुलं सगळं मैदान अडवतात, हे खरं आहे. मैदानाचा एक भाग कायमचा बिनचेंडूचा करायचा, शक्यतो मधला. कडेला दिला तर भिंत ती भिंतच राहते. फुटबॉलला वार लावायचे. आणि मुलींना फुटबॉल खेळायचा आहे का, हेही कोणीतरी त्यांना विचारा. भिंतीला उभी असलेली प्रत्येक मुलगी दोरीउड्यांचीच वाट पाहत नसते.

आमच्या खेळात राज्य नेहमी माझ्यावरच येतं. ते चकताना चीटिंग करतात. बाईंना सांगितलं तर बाई खेळच बंद करतील आणि सगळे मलाच बोलतील. मी काय करू? – चौथीतला एक वाचक

तुझी अडचण अगदी खरी आहे, आणि मोठ्यांनी ती वाचावी म्हणून मुद्दाम इथे छापतो आहे. खेळ बंद होईल या भीतीने मुलं सांगत नाहीत, हे त्यांना कळायला हवं.

आता तू काय करायचं ते सांगतो. चकायच्या आधीच म्हण, ‘एकदा राज्य घेतलं की पुढच्या दोन डावांत त्याच्यावर राज्य नाही.’ भांडण झाल्यावर म्हणालास तर रडीचा डाव म्हणतील, म्हणून आधीच म्हण. तुझ्यासारखंच वाटणारा आणखी एकजण नक्की असेल. त्याला आधी गाठ आणि दोघं मिळून बोला. तरीही ऐकलं नाही तर टाइमप्लीज घेऊन सरळ बाहेर ये आणि त्या दिवशी दुसऱ्यांबरोबर खेळ. एक भिडू गेला की खेळ कसा मोडतो, ते त्यांनाही कळेल.

तू बाहेर पडल्यावर कोणी मारलं, अडवलं किंवा दुसऱ्यांनाही तुझ्याशी खेळू दिलं नाही, तर मात्र बाईंना सांगायचंच. सांगताना ‘ते चीटिंग करतात’ म्हणू नकोस. म्हण, ‘बाई, खेळ बंद करू नका. आम्ही चकतो तेव्हा तेवढ्या जरा जवळ येऊन उभ्या राहा.’