कोलाडला कुंडलिका नदीत स्वतःची कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) घेऊन उतरताना काय पाळावं?

तुम्ही विचारलंय की नदी तर सरकारी, मग गावातले लोक काठावर अडवू शकतात का आणि तिथे वागायचं कसं. कायद्याचं आधी सांगतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम २० प्रमाणे नदीचं पात्र साधारणपणे सरकारचं. पण पात्रापर्यंत जाणारी वाट बऱ्याच ठिकाणी कुणाच्या तरी शेतातून जाते, तो माणूस जाऊ देतोय म्हणून आपण जातोय, उद्या त्याने वाटेत काट्या टाकल्या तर कलम २० दाखवून काही होत नाही.

म्हणून मी पाण्यापेक्षा बांधावरच्या वागण्याला जास्त जपतो. पावसाळ्यात बांधावरून कयाक फरफटत नेली की बांध खचतो आणि खाचरातलं पाणी निघून जातं, लावणी केलेल्याचं नुकसान. खांद्यावर घ्या, एकामागून एक चला. भातकापणीनंतर शेत रिकामं वाटतं पण रायगडात तिथेच ओलीवर वाल टाकलेला असतो, कोंब एवढे बारीक की शहरातून आलेल्याला दिसत पण नाहीत आणि तो खुशाल त्यावर गाडी लावतो. खरंच जीव तुटतो हे बघून. अंगणात कुणी बसलेलं असेल तर थांबून विचारा, "काका, इथून जाऊ का?" बहुतेक वेळा नाही म्हणत नाहीत.

पाण्यात कुणी पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकत असेल किंवा बाटल्या बांधून जाळं लावलेलं दिसलं तर वल्हं थांबवा, लांबून जा, त्याच्या घरचं रात्रीचं कालवण आहे ते. बायका कपडे धुतात तिथे उतरू नका, मोबाईल तर काढूच नका, उघड्यावर कपडे बदलू नका. राफ्ट, म्हणजे पर्यटकांना नेणारी हवा भरलेली मोठी होडी, पटकन वळत नाही, तिला आधी जाऊ द्या, आणि पुढचा खाली नीट पोचल्याशिवाय रॅपिडमध्ये, म्हणजे खडकांतून उसळणाऱ्या वेगवान पाण्यात, शिरू नका.

अजून एक, तिथलं बरंचसं पाणी मुळशी धरणातलं, भिऱ्याला वीज तयार करून सोडलेलं, ते रवाळजेहून पुढे येतं, सहसा सकाळी, पण वेळ वीजनिर्मितीवर ठरते आणि पाणी झपकन चढतं. आदल्या दिवशी तिथल्या राफ्टिंगवाल्यांना विचारून घ्या. लाईफ जॅकेट, हेल्मेट असलं तरी पहिल्यांदा एकटे उतरू नका, कारण कुणी बुडालं की बंदीचा आदेश निघतो, पावसाळ्यात धबधब्यांवर तसं होतंच, आणि मग नीट वागणाऱ्यांनाही कुणी उतरू देत नाही.