नावं ठेवून पोट भरतं का?

बार्शीहून भांड्यांचं दुकान चालवणाऱ्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, ६१ टक्के मिळाले. संध्याकाळी दुकानात बसते आणि दुरुस्तीला किंवा परत आलेल्या कुकर-मिक्सरची वही ठेवते. तिला 'प्रॉडक्ट टेस्टर' व्हायचंय. टेलिग्रामवर तसं एक काम चालूनही आलंय : २,५०० रुपये अनामत भरा आणि घरबसल्या रोज वीस परीक्षणं लिहा. वडील विचारतात, "दुसऱ्याच्या मालाला नावं ठेवून कुणाचं पोट भरतं का?"

सप्रेम नमस्कार.

आधी त्या टेलिग्रामचं. एक रुपयाही भरू नका. काम देणारा कामगाराकडून अनामत मागत नसतो. सुरुवातीला शे-दोनशे रुपये खात्यात टाकायचे, विश्वास बसला की मोठी रक्कम उकळायची, ही या भामट्यांची ठरलेली चाल. पैसे गेले असतील तर आजच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

आता तुमचा प्रश्न. पोट भरतं, पण त्यासाठी आधी मोजावं लागतं.

समजा, दोन मिक्सर समोर आहेत. 'छान चालतो, आवाज कमी आहे' हे तुमचं गिऱ्हाईकही सांगतं. परीक्षक दोन्हींत एकाच पोत्यातले, सारखे भाजलेले पाव किलो शेंगदाणे घालेल, घड्याळ लावून सारखेच सेकंद फिरवेल, कूट एकाच चाळणीतून चाळेल आणि वर उरलेला भरडा तोलेल. हे तीनदा. मग सुकं खोबरं, मग भिजवलेली उडीद डाळ, कारण कोरड्यात हुशार असलेला मिक्सर ओल्या वाटणाला बुडाचं लाल बटण उडवून मोकळा होतो. वाटलेल्या पिठाचं तापमानही घ्यायचं. आणि सहा महिन्यांनी हे सगळं पुन्हा, कारण मोटार आणि भांडं जोडणारा कपलर काही पहिल्या आठवड्यात झिजत नाही. (आमच्याकडे भरभरून कौतुक वाचून आणलेल्या मिक्सरचा कपलर दुसऱ्याच दिवाळीत अनारशाचे तांदूळ वाटताना तुटला. कौतुक करणाऱ्यांनी तो चार दिवसच वापरला असणार.)

हेच काम पगारावर करणारे लोक आहेत. फक्त ते कॅमेऱ्यासमोर येत नाहीत. कारखान्यांचे क्वालिटी विभाग आणि टेस्टिंग लॅब इथे ते भेटतात. कुकरला आयएस २३४७, मिक्सरला आयएस ४२५०, गॅस शेगडीला आयएस ४२४६ ही भारतीय मानकं, म्हणजे दर्जाचे ठरलेले नियम, आहेत. कुकरला १ फेब्रुवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा झाला, हे तुम्ही माझ्याहून चांगलं जाणता. घरगुती शेगडीची औष्णिक कार्यक्षमता (गॅसची किती उष्णता भांड्याला लागते, ते प्रमाण) किमान ६८ टक्के हवी, म्हणजे कुणीतरी खरोखर पाणी तापवून, जळालेला गॅस तोलून ती काढतं. काम रटाळ असतं, हे तिला आधीच सांगा. तेच बटण हजारो वेळा दाबायचं, तीच वायर वाकवायची, नोंद करायची.

या वाटेला डिप्लोमा लागतो. बारावी सायन्सवर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, म्हणजे दोन वर्षांत डिप्लोमा हातात. मी इलेक्ट्रिकल सुचवेन. चव, पोत, पदार्थ यांत तिला जास्त गोडी असेल, तर मुंबईचं निर्मला निकेतन किंवा एसएनडीटी इथला गृहविज्ञानाचा अभ्यासक्रम बघा. वहीवरून तरी मला ती यंत्रांकडे झुकलेली दिसते.

व्हिडिओ तिने सोबत जरूर करावेत. मात्र पहिली काही वर्षं त्यावर घर चालेल, असं धरू नका. अमेरिकेतली कन्झ्युमर रिपोर्ट्स ही संस्था १९३६ पासून आहे. ती चाचणीच्या वस्तू स्वतःच्या पैशाने दुकानातून विकत घेते. तिच्या शब्दाला वजन आहे ते त्यामुळे. आपल्याकडे अहमदाबादचं कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरही तुलनात्मक चाचण्या करतं. मुलीने तीच रीत धरावी. फुकट आलेली वस्तू ठेवून घेतली की जीभ जड होते, शिवाय कंपनीकडून वर्षाला २०,००० रुपयांहून जास्त किमतीच्या वस्तू आल्या की १० टक्के टीडीएसचं लचांड मागे लागतं.

एक अडचण मात्र तुमच्या घरातच आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२च्या नियमांनुसार, शिफारस करणाऱ्याचं विक्रेत्याशी असलेलं नातं उघड करावं लागतं, आणि त्यात कौटुंबिक नातंही आलं. तुमच्या दुकानातल्या कुकरचं तिने कौतुक केलं, तर 'हे माझ्या वडिलांचं दुकान' असं त्याच व्हिडिओत स्पष्ट सांगायला हवं. दिशाभूल करणाऱ्या शिफारशीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. उलट तिने टीका केली तर एजन्सीवाला तुमच्याकडे डोळे वटारेल. म्हणून सुरुवातीला तिने तुम्ही विकत नाही अशाच वस्तू तपासाव्यात.

आणि ती वही. मला फार आवडली, पण तिच्यात एक खोट आहे. एका कंपनीचे सात कुकर परत आले, असं तिने लिहिलंय. विकले किती होते, सत्तर की सातशे? ते वहीत नाही, तुमच्या बिलबुकात आहे. जुनी बिलबुकं रद्दीत घालू नका, तिला द्या.