कॅमराडरी, कमरा आणि कंबर

प्रश्न असा आला आहे : "न्यू जर्सीत आमच्या शेजारी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ राहतात. ते एका 'ॲलम्नाय ड्रम अँड बिगुल कोअर'मध्ये, म्हणजे ढोल आणि बिगुल वाजवणाऱ्या पथकात, बिगुल वाजवतात. तरुणपणी ज्यांच्याबरोबर वाजवला, त्याच मंडळींबरोबर आजही. महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी त्यांच्यावर लेख लिहिते आहे. 'कॅमराडरी', म्हणजे सोबत्यांमधली जवळीक, हा शब्द त्यांच्या तोंडी सारखा येतो. त्यासाठी मी 'सौहार्द्र' लिहिले, संपादकांनी ते खोडून 'बंधुभाव' केले. योग्य काय? आणि ॲलम्नाय कोअरला 'माजी विद्यार्थी वाद्यवृंद' म्हटले तर चालेल का?"

सर्वांत आधी तो शेवटचा र काढून टाका. 'सौहार्द्र' असा शब्द मराठीत नाही आणि संस्कृतातही नाही. सुहृद् म्हणजे चांगल्या मनाचा, मित्र. त्यावरून सौहार्द. त्यात 'आर्द्र'चा काही संबंध नाही. तरीही सूत्रसंचालकांच्या तोंडी, सत्काराच्या मानपत्रांत, शांतता समितीच्या बैठकांच्या बातम्यांत हा ओला सौहार्द्र वर्षानुवर्षे झिरपतो आहे. एखादा संपादक तो दुरुस्त करील म्हणावे, तर तुमच्या संपादकांनी शब्दच बदलला. चूक तशीच राहिली आणि जागा दुसऱ्या चुकीने भरली.

कारण र काढला तरी इथे सौहार्द बसत नाही. सौहार्द असते ते दोन देशांत, दोन समाजांत, दोन शेजाऱ्यांत. ज्यांची घरे वेगळी आहेत त्यांनी एकमेकांशी बरे वागावे, एवढी त्याची धाव. बंधुभाव हे तर तत्त्व आहे. न पाहिलेल्या माणसाविषयीही बंधुभाव बाळगता येतो, म्हणून तर घटनेच्या उद्देशिकेत बंधुता आहे. न पाहिलेल्या माणसाशी कॅमराडरी कशी असेल? ती मनात जन्मत नाही. ती खोलीत जन्मते, आणि हे मी शब्दशः म्हणतो आहे.

लाल बावट्याचा कॉम्रेड सर्वांना ठाऊक आहे, तो बाजूला ठेवू. त्याच्या आधीचा कॉम्रेड सैनिक होता, आणि त्याच्याही आधी 'कामरादा' हा एक माणूस नव्हताच. सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश फौजेत 'ला कामरादा' म्हणजे एका खोलीत मुक्काम करणारे, एका भांड्यातले शिजवून खाणारे शिपाई, सगळे मिळून. शब्द समूहवाचक, वर स्त्रीलिंगी. पुढे त्या टोळीतल्या एकेकाला कामरादा म्हणू लागले. समूहाचे नाव एका माणसाला चिकटते ते कसे, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. 'आमची मंडळी माहेरी गेली आहे' असे जुन्या पिढीतला नवरा म्हणे, तेव्हा एकटी बायकोच गेलेली असे. 'आमचे कुटुंब' हाही तोच प्रकार. फ्रेंचांनी स्पॅनिशकडून कामराद उचलला, त्याला शेपूट जोडून कॅमराडरी केली, आणि इंग्रजीने ती एकोणिसाव्या शतकात जशीच्या तशी घेतली.

या कामरादाच्या मुळाशी आहे लॅटिन कामेरा, म्हणजे कमानदार छताची खोली. काळोख्या खोलीच्या भिंतीला बारीक भोक पाडून बाहेरचे उलटे चित्र आत पाडत, ती खोली म्हणजे 'कामेरा ऑब्स्क्युरा'. पुढे खोली आक्रसून पेटी झाली तरी नाव राहिले, तोच आपला कॅमेरा. फ्रेंचांच्या तोंडी कामेराचे शांब्र झाले, इंग्रजांकडे चेंबर, आणि आपल्याकडे वकिलाचे चेंबर, व्यापाऱ्यांचे चेंबर आणि रस्त्यातले गटाराचे चेंबरसुद्धा. पोर्तुगीजांनी कामारा आणला. गोव्यात नगरपालिकेला कामारा म्युनिसिपाल म्हणत. त्यातूनच हिंदीत कमरा गेला. आपण पोर्तुगीजांकडून चावी घेतली, पगार घेतला, पाव आणि बटाटा घेतला, खोली मात्र आपलीच ठेवली.

'कमरा हा फारसी शब्द' असे ठासून सांगणारे लोक भेटतात. कमरा आणि फारसी कमर यांचे रूप सारखे दिसते, एवढ्यावर त्यांचे समाधान होते. हे साफ चूक आहे. कमरा भारतात आला तो जहाजातून, पोर्तुगीजांबरोबर. पण गंमत अशी की ही माणसे चुकीच्या वाटेने एका खऱ्या दाराशी येऊन उभी आहेत, आणि ते दार ठोठवायचे त्यांना सुचत नाही.

फारसी कमर म्हणजे कटी, आणि कटीला बांधायचा पट्टाही. आपली कंबर तीच. पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथात, अवेस्तातही 'कमरा' आहे, अर्थ पट्टा. ग्रीकमध्ये 'कमारा' म्हणजे कमानदार छत, कमानदार खोली, आणि लॅटिन कामेरा त्यावरूनच आला. आता पट्टा म्हणजे काय? शरीराभोवती वाकवलेली वस्तू. आणि घुमट म्हणजे काय? डोक्यावर वाकवलेले छत. दोहोंच्या मागे 'वाकणे' अर्थाचा एकच मूळ धातू उभा आहे असे मानणारे भाषाशास्त्रज्ञ आहेत आणि मी ठामपणे त्यांच्या बाजूचा आहे. ते आपल्या धातुपाठातल्या, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीतल्या, 'क्मर्' या धातूकडेही बोट दाखवतात. वाङ्मयात सहसा न भेटणारा, अर्थ 'वाकडे असणे'. म्हणजे कमरा कमरचा मुलगा नव्हे, पण चुलत घराण्यातला खचित. एक शाखा इराणातून जमिनीने आली आणि आपल्या देहात कंबर होऊन बसली. दुसरी ग्रीस, रोम, स्पेन, पोर्तुगाल असा फेरा घेऊन समुद्रावरून आली.

यावर काही कोशकार ग्रीक शब्दापाशी 'मूळ अनिश्चित' असा शिक्का मारून पुढच्या नोंदीकडे वळतात. सावधगिरी समजू शकते. पण शेजारच्या भाषेत तेच ध्वनी, त्याच क्रमाने, वाकलेल्या वस्तूच्याच अर्थाने उभे असताना त्यांचा उल्लेखही न करणे याला मी सावधगिरी म्हणणार नाही. अनिश्चित लिहा, पण निदान पुरावा वाचकापुढे ठेवा. निर्णय त्याला करू द्या.

आणि तो मधला ब पाहा. कमरचे आपण कंबर केले. कुठून आला हा ब? म आणि र जवळ आले की ओठ उघडताना ब आपोआप फुटतो. आम्र, आंबा. ताम्र, तांबे. फ्रेंच माणसाचे ओठही आपल्यासारखेच, म्हणून कामेराचे शांब्र. लॅटिन नुमेरुसचे फ्रेंचांनी नोंब्र केले, इंग्रजांनी नंबर, आणि तो आपण चाळीच्या दारावर लावला. एकाच घराण्याच्या दोन शाखा, हजारो मैलांवर, एकमेकींना न विचारता एकाच जागी तोच ब घालतात. कंबर आणि चेंबर. मला शब्दांच्या अभ्यासात याहून मोठा आनंद नाही.

तुमच्या शेजाऱ्यांच्या ड्रमवाल्यांनाही हे सांगा. ज्या पट्ट्याने आपले ढोलवाले कमरेला ढोल आवळतात, त्या पट्ट्याचे नाव आणि त्यांच्या कॅमराडरीचे मूळ यांचे गोत्र एक असावे.

आता कोअरकडे. ड्रम अँड बिगुल कोअर अमेरिकेत फोफावले ते पहिल्या महायुद्धानंतर. परतलेल्या सैनिकांची अमेरिकन लीजन ही संघटना १९१९ मध्ये उभी राहिली, आणि तिच्या गावोगावच्या शाखांनी ड्रम व बिगूल हाती घेऊन पथके काढली. म्हणजे बराकीत एकत्र राहिलेलीच माणसे, कामरादाच्या मूळ अर्थाने. पुढे चर्चनी काढली, स्काउटांनी काढली, मुलांची निघाली. मुलांच्या पथकांची देशव्यापी स्पर्धा 'ड्रम कोअर इंटरनॅशनल' या नावाने १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर गावी सुरू झाली. तिथे वयाची अट कडक, विशीच्या पहिल्या एकदोन वर्षांत बाहेर पडावेच लागते. पण त्याआधीचे उन्हाळे कसे जातात ते विचारा त्या गृहस्थांना. एका गावचा कार्यक्रम संपला की रात्री बसमध्ये, पुढच्या गावी पोचले की एखाद्या शाळेच्या व्यायामशाळेत जमिनीवर पथाऱ्या, जेवण बरोबरच्या स्वयंपाकाच्या ट्रकमधून. मग भर उन्हात दिवसभर तालीम. चारशे वर्षांपूर्वीच्या स्पॅनिश शिपायांचा शब्द या पोरांना इतका नेमका बसतो, कारण तीही एका खोलीत निजतात आणि एका भांड्यातले जेवतात.

खोलीचे नाव माणसांना लागणे आपल्याही ओळखीचे आहे. मुंबईत गोवेकरांचे गावागावांचे क्लब होते. गावातून आलेल्या खलाशाला, वाजंत्र्याला, आचाऱ्याला नोकरी लागेपर्यंत, जहाज येईपर्यंत तिथे पथारी टाकायला मिळे. त्या क्लबला म्हणत कूड. कोकणीत कूड म्हणजे खोली. पोर्तुगीज कामारा हाताशी असताना गोवेकराने आपला शब्द वापरला आणि त्याच्याकडून नेमके तेच काम करून घेतले जे स्पॅनिशांनी कामरादाकडून करून घेतले होते. कोकणातल्या गावकऱ्यांच्या गिरणगावातल्या खोल्या याच जातीच्या. 'आम्ही एका खोलीतले' या तीन शब्दांत त्या माणसांची सारी कॅमराडरी येत असे.

बिगुलाविषयी थोडक्यात. लॅटिन बुकुलुस म्हणजे गोऱ्हा. त्यावरून फ्रेंच बिगुल, आधी अर्थ रानबैल, मग त्याचे शिंग, मग शिंगासारखे वाद्य, मग पितळेचे वाद्य. बुकुलुसच्या पोटात आहे बोस, म्हणजे बैल, आणि बोस आणि संस्कृत गो हे एकाच मुळाचे. तेव्हा 'निवडणुकीचे रणशिंग फुंकले' आणि 'निवडणुकीचा बिगुल वाजला' या दोन मथळ्यांत वस्तू एकच आहे, गुराच्या डोक्यावरची. दोन्ही एकाच बातमीत वापरणारे वार्ताहर तेच शिंग दोनदा फुंकतात.

तर कॅमराडरीला मराठी शब्द. माझे उत्तर : साथसंगत.

'साथ' हा 'सह'चा अपभ्रंश असे सांगितले जाते, ते सोडून द्या. तो आला आहे 'सार्थ'वरून. सार्थ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा, आणि सार्थवाह म्हणजे तांड्याचा पुढारी. एकत्र वाट चालणारे ते साथी. (रोगाची साथ इथे मध्ये आणू नका.) स्पॅनिश शब्दाला खोली आठवते, आपल्या शब्दाला रस्ता आठवतो, आणि बिगुलवाल्यांचा उन्हाळा या दोहोंतच जातो. शिवाय आपल्याकडे साथसंगत हा वाजवणाऱ्यांचा शब्द आहे. तबल्याची साथ, पेटीची साथ. बंधुभावाला ढोल वाजवता येत नाही. साथसंगतीला येतो.

एक हरकत घेतली जाईल : साथ करणारा दुय्यम, मुख्य गवय्या वेगळा. मैफिलीत खरे आहे. पण भजनी मंडळात टाळकऱ्यांची साथ कोणाला दुय्यम वाटते? पथकात तर प्रत्येकजण दुसऱ्याची साथ करतो. तिथे मुख्य गवय्या नसतोच.

ॲलम्नाय. 'मी त्या कॉलेजचा ॲलम्नाय आहे' हे ऐकले की कान दुखतात. ॲलम्नाय हे अनेकवचन, एक असेल तो ॲलम्नस. मूळ लॅटिन क्रियापद पोसणे या अर्थाचे. ॲलम्नस म्हणजे पोसलेले मूल. त्या मूळ अर्थात विद्यार्थी नाही, म्हणून 'माजी विद्यार्थी वाद्यवृंद' नको. पथक ही शाळा नव्हे आणि हे लोक माजीही नव्हेत, ते आज वाजवत आहेत. मॅसॅच्युसेट्समधल्या रिव्हिअरचे 'ट्वेंटी-सेव्हन्थ लॅन्सर्स' हे पथक १९८६ मध्ये बंद पडले, आणि १९९४ मध्ये त्याचे जुने वादक पुन्हा उभे राहून वाजवते झाले. पथक गेले, पोसलेली मुले राहिली. अशा जुन्यांच्या पथकांत पुष्कळजण अजून जी स्वरातले बिगुलच धरून आहेत. मुलांच्या स्पर्धेत २००० सालापासून इतर स्वरांतली पितळी वाद्ये चालतात, पण या मंडळींना आपल्या तरुणपणी कानांत बसलेला तोच आवाज हवा असतो. परंपरा म्हणून लेखात काही लिहायचे असेल तर हे लिहा. शेजाऱ्यांचा बिगुल कोणत्या स्वरातला आहे आणि त्याला किती झडपा आहेत हे विचारून घ्या. वाचकाला ते 'गौरवशाली परंपरे'पेक्षा जास्त सांगून जाईल.

'जुन्या वादकांचे ड्रम-बिगुल पथक' असे लिहा. इंग्रजी नाव द्यायचेच असेल तर 'कोअर' लिहा. 'कॉर्प्स' लिहिले की इंग्रजी जाणणाऱ्याला प्रेत ऐकू येते. आणि संपादकांनी साथसंगत खोडून पुन्हा बंधुभाव केला, तर त्यांना माझ्याकडे पाठवा.