डायपरखालची लाली

प्रश्न : माझी मुलगी आठ महिन्यांची आहे. कान दुखत होता म्हणून अँटिबायोटिक चालू होतं, त्यात जुलाब झाले. जुलाब थांबले, पण डायपरच्या जागी सगळं लालभडक झालंय. पाच दिवस झाले. दर वेळी साबणाने धुते, वाइप्सने पुसते, पावडर लावते. तरी शू झाली की किंचाळते. नणंदेने तिच्या खाजेची ट्यूब दिली आहे, ती लावू का? सासूबाई म्हणतात, डायपरच बंद कर.
– एक आई

उत्तर : ट्यूब आधी नणंदबाईंना परत करा. मोठ्यांच्या खाजेच्या कितीतरी ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. त्याने लाली झटकन ओसरते, म्हणूनच अशा ट्यूब या हातातून त्या हातात फिरतात. पण बाळाची त्वचा आधीच नाजूक, त्यावर डायपरचं झाकण. औषध अंगात जास्त मुरतं आणि त्वचा आणखी पातळ होते.

आता बाळाला उजेडात उताणं ठेवा, पाय वर धरा आणि जांघेतल्या घड्या बोटांनी हळूच उघडून बघा. लाली ढुंगणावर, मांडीच्या आतल्या बाजूला, म्हणजे डायपर जिथे टेकतो-घासतो तिथेच आहे आणि घडीचा तळ स्वच्छ आहे? मग ती ओलीची आणि शीची करणी. घडीच्या आतही लालबुंद आहे आणि चट्ट्याच्या कडेबाहेर बारीक पुटकुळ्या विखुरल्या आहेत? मग बहुधा बुरशी. तुमचं पत्र वाचून मला बुरशीचाच संशय जास्त येतो. अँटिबायोटिकनंतर ती बरेचदा डोकं वर काढते. तिला नुसतं झिंकचं मलम पुरत नाही, क्लोट्रिमॅझोलसारखं औषध लागतं. पाच दिवस झालेच आहेत, तेव्हा आता डॉक्टरांना दाखवाच.

तोवर तुमची मेहनत जरा कमी करा. हो, कमीच! शी आणि शू एकत्र आली की शूमधून अमोनिया तयार होतो, त्वचेचा मूळचा सौम्य आंबटपणा जातो आणि शीतली पाचक द्रव्यं बाळाच्या त्वचेवरच काम करू लागतात. जुलाबात तर ती भरपूर. त्यावर दर वेळी साबण लावला की उरलासुरला आंबटपणाही धुऊन जातो. म्हणून साबण बंद, वासाचे वाइप्स बंद. कोमट पाणी आणि कापसाचा बोळा पुरे. पुसायचं नाही, मऊ कापडाने टिपायचं. पावडर तर नकोच : ओलीने तिचे गोळे होऊन घडीत घासतात आणि उडालेली भुकटी श्वासातून बाळाच्या छातीत जाते.

कोरडं झालं की झिंक ऑक्साइडचं मलम लावा. चोळून जिरवू नका. खालची लाली दिसणार नाही इतका जाड थर हवा. पुढच्या वेळी शीने माखलेला वरचा थर तेवढा काढा, खालचं चिकटलेलं पांढरं तसंच राहू द्या आणि वरून पुन्हा लावा. ते खरवडून काढताना होणारी इजा मी फार बघते. (डॉक्टरांनी बुरशीचं औषध दिलं, तर ते आधी, झिंक त्यावर.)

फोड, पू किंवा रक्त दिसलं, ताप आला किंवा बाळ दूध पिईना, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

सासूबाईंचं म्हणाल, तर अर्धं मला पटतं. दिवसातून जमेल तितक्या वेळा मुलीला जाड दुपट्यावर उघडीच लोळू द्या. वारा लागला की आग कमी होते. पण डायपरऐवजी कापडी लंगोट बांधला आणि तो तासभर ओला राहिला, तर हाती काहीच लागत नाही. डायपर चांगला ओल शोषतो. फक्त दोन-तीन तासांनी बदला, शी झाली की लगेच, आणि सध्या एक माप मोठा घेऊन सैलसर लावा. लंगोट वापरलेच, तर धुताना साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळा आणि कपडे मऊ करणारं ते सुगंधी द्रव्य त्यात घालू नका.