शांततेची मागणी कशी मांडावी?

प्रश्न : मी हिंजवडीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रोग्रामर आहे. कार्यालयातील क्यूबिकल (आडोसा असलेले छोटे कप्पे) काढून तेथे सलग लांब टेबले मांडली आहेत. शेजारी सपोर्ट टीमचे फोन सुरू असतात, चॅटवर ‘हाय, आहेस का?’ असे संदेश येत राहतात, टीमचे प्रमुख म्हणजे लीड मध्येच येऊन उभे राहतात आणि संध्याकाळी न्यूयॉर्कच्या क्लायंटचा कॉल असतो, त्यामुळे खरे कोडिंग रात्री घरीच होते. सकाळी शांतता मिळावी आणि प्रश्न लिहून विचारले जावेत, असे मला वाटते. पण तसे सांगितले तर मी माणूसघाणी ठरेन का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुमची अपेक्षा रास्त आहे. बग म्हणजे प्रोग्राममधली चूक शोधताना कोणते फंक्शन कुठून कॉल होते, व्हॅल्यू नेमकी कुठे बदलते, कोणत्या शक्यता तपासून बाद केल्या, हे सारे एकाच वेळी डोक्यात धरावे लागते आणि कोणी हाक मारली की ते पुन्हा पहिल्यापासून जुळवत बसावे लागते. सॉफ्टवेअर व्यवसायावर लिहिणारे अमेरिकी प्रोग्रामर जोएल स्पोल्स्की यांनी २००० साली सॉफ्टवेअर टीम पारखण्यासाठी १२ प्रश्नांची चाचणी सुचवली. तिच्यातला आठवा प्रश्न प्रोग्रामरना शांत जागा मिळते का, हाच आहे. मोकळ्या मांडणीने संवाद वाढतो, असे व्यवस्थापन म्हणेल. मात्र हार्वर्डचे ईथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अशी मांडणी केल्यावर समोरासमोरचे बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटले आणि ईमेल व चॅट वाढले, असे आढळले.

तरीही लीडशी बोलताना सुरुवात स्वतःच्या त्रासापासून करू नका, कामापासून करा. ‘सकाळी दहा ते बारा सलग मिळाले, तर हे मोड्यूल वेळेत देता येईल, ग्राहक वापरतात ती चालू प्रणाली बंद पडली तर कधीही फोन करा,’ असे एकट्यात सांगा आणि ती वेळ टीमच्या कॅलेंडरवर नोंदवा. आपण केव्हा आणि कसे उपलब्ध आहोत हे स्पष्ट असले, की सहसा कोणी शिष्टपणाचा ठपका ठेवत नाही.

नुसत्या ‘हाय’चा खरा दोष असा, की समोरचा काय विचारणार हे न कळताच हातातले काम थांबते. त्यावर उपदेश करण्यापेक्षा स्वतः पूर्ण संदेश लिहायला लागा : ‘कालच्या बिल्डनंतर पेमेंटच्या पानावर रक्कम दोनदा दिसते आहे. लॉग जोडला आहे. उद्या दुपारपर्यंत पाहिले तरी चालेल.’ असे काही संदेश गेले, की सहकारीही तसेच लिहू लागतात, असे मी पाहिले आहे.

प्रत्येक गोष्ट मात्र लेखी मागू नका. नव्याने रुजू झालेल्या मुलाला अडल्यावर लगेच विचारता आले पाहिजे, आणि डिझाइनवरचा मतभेद चॅटवर चिघळतो, तो समोरासमोर बसूनच मिटवावा.

संध्याकाळचा कॉल टळणार नाही. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. पण त्याला रोज सगळ्यांनीच बसण्याची गरज क्वचितच असते. पाळी लावण्याचे सुचवा, आणि आपल्या पाळीच्या दिवशी सकाळी उशिरा येण्याची परवानगी मागून घ्या. फोनच्या गोंगाटावर हेडफोन हा तात्पुरता इलाज झाला. सपोर्ट टीमपासून दूरची जागा मागणे अधिक बरे, आणि ती मागणी ईमेलने करावी.