शाहिराने झील धरावी का?

प्रश्न : शाहीर, आमच्या घरची पोवाड्याची पार्टी आहे. वडिलांच्या जागी आता मीच मुख्य गातो. वय २९. साताऱ्याकडं चाललेल्या एका मालिकेत गुरवाचं दोन दिवसांचं काम विचारलंय. तुम्ही पन्नाशीत गाणं कमी करून कॅमेऱ्यापुढं गेलात. तिथं आवाजाचा काही उपयोग होतो का?
– एक वाचक, कराड

उत्तर : लेका, पहिल्या दिवशी आवाजानंच माझा घात केला. वाईजवळच्या एका वाड्यात शूटिंग होतं. मी मुलीचा बाप. वाक्य एवढंच, ‘जेवलीस का गं?’ पंचवीस वर्षं जत्रेत पार मागं बैलगाडीवर बसलेल्या माणसाला ऐकू जाईल असं बोलायची सवय. मी तोंड उघडलं आणि साउंडवाल्या पोरानं कानावरचा हेडफोन काढून हातात धरला. दिग्दर्शिका माझ्या लेकीच्या वयाची. जवळ येऊन हळूच म्हणाली, ‘काका, ती तुमच्यापासून दोन हातांवर बसलीय.’ सात टेक झाले. सातव्याला जमलं म्हणून थांबले नाहीत, जेवणाची सुट्टी झाली म्हणून थांबले.

पायरीवर बसून भाकरी खाताना उमगलं. हा प्रसंग लेकीचं काम करणाऱ्या त्या पोरीचा होता आणि मी मात्र कडवं टाकत होतो. आपल्या पोवाड्यात ‘जी जी रं जी’ उचलणाऱ्या झीलकऱ्याचा कान कुठं असतो? शाहिराच्या श्वासावर. शाहीर कुठं दम घेणार, हे त्याला आधीच कळतं. चरित्र अभिनेता म्हणजे झीलकरीच. दुपारी मी तिचा श्वास ऐकत बसलो. ती आवंढा गिळून ‘भूक नाही’ म्हणाली, तसं मी ताटावरचं फडकं सारखं केलं. एका टेकात ओके.

आपल्या कवलापूरच्या काळू-बाळूंच्या तमाशातले वग मी लहानपणी बघितलेत. जुळे भाऊ. एकाचं बोलणं चालू असताना मी दुसऱ्याकडंच बघत बसायचो. तेव्हा का, ते कळत नव्हतं.

गाणं सुटेल ही भीती मनातून काढ. पसरणीचे शाहीर साबळे पोवाडा गाता गाता मुक्तनाट्याकडं गेले, डफ काही खाली ठेवला नाही. विठ्ठल उमप ‘जांभूळ आख्यान’ गाजवून २००८च्या ‘टिंग्या’ सिनेमातही दिसले आणि २०१०च्या नोव्हेंबरात गेले ते नागपूरला, दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमात, मंचावरच.

आता व्यवहाराचं. वडिलांना आधी विचार, मागाहून सांगू नको. फेब्रुवारीतल्या शिवजयंतीच्या आणि चैत्रातल्या जत्रांच्या सुपाऱ्या घेतल्या असतील तर त्या तारखा को-ऑर्डिनेटरला पहिल्याच फोनवर सांग. ‘दोन दिवस’ म्हणतात. गुरव लोकांना आवडला तर वीस होतात आणि मग कंटिन्युइटीसाठी, म्हणजे दर प्रसंगात चेहरा सारखाच दिसावा म्हणून, दाढी तशीच ठेवावी लागते. दाढीवाला शाहीर चालतो म्हणा! पैसे नव्वद दिवसांनी मिळतात, म्हणून रक्कम लिहून घे. एका निर्मात्याकडं माझे चार दिवसांचे पैसे अजून अडकलेत. मी तोंडी बोलण्यावर गेलो होतो, शाहिराला शब्दाचं कौतुक फार.

आणि गुरवाला आरती म्हणायला लावतीलच. तेव्हा मात्र लाजू नको, फक्त खालच्या पट्टीत धर.

प्रश्न : रात्रीच्या शूटिंगनं घसा बसतो. काय करावं?
– एक वाचक, मिरज

उत्तर : गप्प बसावं. ज्येष्ठमधाची काडी दाढेखाली धरली की गप्प बसणं सोपं जातं. सेटवर दर तासाला चहा फिरतो, त्यातला निम्मा तरी परत पाठवा. मला हे अजून जमलेलं नाही.